विंडोज सर्व्हरवरील सर्व्हिस बंद पडल्यास : नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

सर्व्हरचा कारभार नव्याने हाती आलेल्या माणसाकडे पहिली तक्रार येते ती बहुधा "सिस्टम बंद आहे" एवढ्याच शब्दांत. त्याने सर्व्हरवर लॉगिन करून पाहावे, तर डेस्कटॉप जागच्या जागी असतो, स्टार्ट मेनू उघडतो, फोल्डर उघडतात आणि बंद असे काहीच दिसत नाही. याचे कारण असे की, बंद पडलेली गोष्ट मुळात पडद्यावर कधी नव्हतीच. ती म्हणजे मागे चालणारी एखादी सर्व्हिस : कोणी लॉगिन केलेले असो वा नसो, मशीन सुरू झाल्यापासून आपले काम करत राहणारा आणि स्वतःची खिडकी नसलेला प्रोग्राम. छपाई, डेटाबेस, बॅकअप, फायलींची देवाणघेवाण, घड्याळ जुळवणे ही कामे अशाच सर्व्हिसेस करतात.

या लेखात विंडोज सर्व्हर २०१६, २०१९, २०२२ आणि २०२५ या आवृत्त्या, आणि त्याही 'डेस्कटॉप एक्स्पीरियन्स' या पर्यायासह इन्स्टॉल केलेल्या, गृहीत धरल्या आहेत. 'सर्व्हर कोअर' या डेस्कटॉप नसलेल्या पर्यायावरही सर्व्हिसेस याच नियमांनी चालतात, फक्त तिथे खिडक्यांऐवजी आज्ञांवर भागवावे लागते. लेखातील आज्ञा वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप कराव्यात.

सर्व्हिस सुरू होते म्हणजे नेमके काय घडते, हे आधी समजून घेतले पाहिजे. विंडोज बूट होताना 'सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर' नावाचा एक मुकादम जागा होतो. रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात, त्याच्याकडे सर्व सर्व्हिसेसची यादी असते आणि प्रत्येकीच्या नावापुढे चार महत्त्वाच्या गोष्टी लिहिलेल्या असतात : प्रोग्रामची फाइल कुठे आहे, ती कोणत्या खात्याच्या अधिकाराने चालवायची, केव्हा सुरू करायची, आणि तिच्याआधी दुसरे कोण सुरू झालेले असले पाहिजे. मुकादम ही यादी घेऊन कामाला लागतो आणि प्रत्येक सर्व्हिसकडून "आले" असे उत्तर ठरावीक वेळेत येण्याची वाट पाहतो. फाइल, खाते, वेळ आणि अवलंबन यांपैकी एक जरी जुळले नाही, तरी सर्व्हिस उभी राहत नाही. माझ्या अनुभवात नवख्यांना बुचकळ्यात टाकणारे बहुतेक बिघाड याच चार जागी सापडतात, आणि कोणत्या जागी ते मुकादमाने आपल्या वहीत लिहूनही ठेवलेले असते. ती वही न वाचता "रीस्टार्ट" दाबणे ही आपल्या क्षेत्रातली सर्वांत महाग सवय आहे.

पहिली पायरी : हात लावण्याआधी टिपून घ्या

समोर एररची चौकट आली असेल तर ती बंद करण्यापूर्वी तिच्यातला मजकूर आणि क्रमांक जसाच्या तसा उतरवून घ्यावा किंवा पडद्याचे चित्र साठवावे. त्याच्या शेजारी दोन गोष्टी लिहाव्यात : तक्रार किती वाजता आली, आणि ती सर्व्हिस नीट चालताना शेवटची कोणी व केव्हा पाहिली. या दोन वेळांच्या मधल्या काळातच आपल्याला शोध घ्यायचा असतो, म्हणून तो काळ जितका अरुंद तितके काम सोपे.

लोक खोळंबले असतील तर एकदा रीस्टार्ट करून पाहण्यात गैर काही नाही. मीही तसे करतो. मात्र त्याआधी वरील टिपण झालेले असावे, कारण प्रोसेस (म्हणजे सर्व्हिसचा चालू असलेला प्रोग्राम) मारली की तिच्या मेमरीतील अवस्था गेली. आणि पूर्ण सर्व्हर रीबूट केला, तर शेकडो नव्या नोंदी जुन्या नोंदींवर चढतात. इव्हेंट लॉगची, म्हणजे मुकादमाच्या त्या वहीची, मूळ मर्यादा २० एमबी असते आणि ती भरली की सर्वांत जुन्या नोंदी पुसल्या जातात, हे लक्षात ठेवावे.

दुसरी पायरी : सर्व्हिसेसची खिडकी नीट वाचा

विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' लिहिले की सर्व्हिसेसची खिडकी उघडते. यातील 'स्टेटस' या स्तंभात 'रनिंग' लिहिलेले नसून जागा कोरी असेल, तर ती सर्व्हिस थांबलेली आहे. 'स्टॉप्ड' असा शब्द तिथे शोधत बसू नये. ही खिडकी आपोआप ताजी होईल याचीही खात्री बाळगू नये, दर वेळी एफ-५ दाबावे. एकदा मी वीस मिनिटे एका सुरू झालेल्या सर्व्हिसचा बिघाड शोधत होतो, कारण समोरची यादी शिळी होती.

प्रत्येक सर्व्हिसला दोन नावे असतात, हेही सुरुवातीलाच समजून घ्यावे. यादीत दिसते ते दाखवण्याचे नाव, आणि सर्व्हिसवर दोनदा क्लिक केल्यावर 'जनरल' टॅबच्या माथ्यावर दिसते ते खरे नाव. यादीतील 'प्रिंट स्पूलर' आज्ञांमध्ये नुसता 'स्पूलर' असतो, 'विंडोज टाइम'चे खरे नाव 'डब्ल्यू-३२-टाइम' आणि 'सर्व्हर' या अगदी साध्या नावामागे 'लॅनमॅनसर्व्हर' दडलेला असतो. सर्व्हिसेस हाताळणाऱ्या एससी या आज्ञेपुढे खरे नाव लिहिले नाही, तर अशी सर्व्हिसच अस्तित्वात नाही, असे १०६० क्रमांकाचे उत्तर मिळते आणि नवखा माणूस घाबरतो.

आता 'स्टार्टअप टाइप' पाहावा. 'ऑटोमॅटिक' म्हणजे बूट होतानाच सुरू होणारी. 'ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)' म्हणजे बाकीच्या ऑटोमॅटिक सर्व्हिसेस उभ्या राहिल्यावर साधारण दोन मिनिटे थांबून सुरू होणारी. म्हणून रीबूटनंतर लगेच ती थांबलेली दिसली तर तो बिघाड नव्हे. 'मॅन्युअल' याचा अर्थ कोणी माणसाने सुरू करावी असा नसून, दुसऱ्या सर्व्हिसला किंवा प्रोग्रामला गरज पडली की तो तिला हाक मारतो, असा आहे. 'डिसेबल्ड' मात्र कोणाच्याही हाकेला उठत नाही. काही सर्व्हिसेसपुढे 'ट्रिगर स्टार्ट' असे लिहिलेले असते. त्या विशिष्ट घटना घडली की जाग्या होतात आणि काम संपले की आपणहून झोपतात.

या शेवटच्या प्रकारामुळे एक खोटा गजर वारंवार वाजतो. सर्व्हर मॅनेजर उघडल्यावर 'सर्व्हिसेस'ची चौकट लाल दिसते, आत पाहावे तर 'सॉफ्टवेअर प्रोटेक्शन' किंवा 'रिमोट रजिस्ट्री' थांबलेली असते. स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिक आणि अवस्था थांबलेली, एवढेच पाहून सर्व्हर मॅनेजरने लाल रंग दिलेला असतो. या सर्व्हिसेस काम नसताना थांबतात, तोच त्यांचा स्वभाव आहे. त्यांना उगाच सुरू करत बसू नये.

तिसरी पायरी : इव्हेंट व्ह्यूअरमधील नोंदी

मुकादमाची वही वाचायची ती 'इव्हेंट व्ह्यूअर' या खिडकीत. ती उघडणाऱ्या फाइलचे नाव 'इव्हेंटव्हीडब्ल्यूआर डॉट एमएससी' अशा आखूड स्पेलिंगने लिहितात. त्यापेक्षा स्टार्ट मेनूत 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधणे सोपे. त्यात डावीकडे 'विंडोज लॉग्ज' उघडून 'सिस्टम' निवडावे, उजवीकडील 'फिल्टर करंट लॉग'वर क्लिक करावे आणि 'इव्हेंट सोर्सेस'मध्ये 'सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर'वर खूण करावी. हजारो नोंदींमधून मुकादमाच्या तेवढ्या नोंदी उरतात.

काही क्रमांक तोंडपाठ होतील इतक्या वेळा दिसतात. ७००० म्हणजे सर्व्हिस सुरू होऊ शकली नाही. ७००९ म्हणजे तिने वेळेत उत्तर दिले नाही. ७०२३ म्हणजे ती एरर देऊन थांबली, आणि ७०३४ म्हणजे काही न सांगता अचानक कोसळली. ७०३१ म्हणजेही अचानक कोसळणेच, पण त्यानंतर ठरवून दिलेली उपाययोजना केली जात आहे, असे मुकादम त्यात सांगतो. ७०३८ म्हणजे खात्याचे लॉगिन फसले. ७०४० ही नोंद पुष्कळ जण दुर्लक्षितात, पण ती मोलाची आहे : एखाद्या सर्व्हिसचा स्टार्टअप टाइप कशावरून कशावर बदलला गेला, हे तीत असते आणि तो बदल कोणत्या खात्याने केला हेही तिथेच दिसते. "मी काही केले नाही" असे सर्व जण सांगत असताना ही नोंद शांतपणे उत्तर देते.

वाचताना क्रम महत्त्वाचा. इव्हेंट व्ह्यूअर नवी नोंद वर दाखवतो, त्यामुळे नजर सर्वांत वरच्या लाल नोंदीवर पडते आणि ती बहुतेक वेळा परिणामाची असते, कारणाची नव्हे. समजा, सकाळी ९ वाजून १४ मिनिटांनी तीन नोंदी आहेत. सर्वांत वरची ७००१ सांगते की हिशेबाच्या प्रोग्रामची सर्व्हिस सुरू झाली नाही, कारण ती ज्या डेटाबेसवर अवलंबून आहे तो सुरू झाला नाही. तिच्याखालची ७००० सांगते की डेटाबेस लॉगिन न झाल्यामुळे सुरू झाला नाही. तिच्याही खालची ७०३८ सांगते की डेटाबेसच्या खात्याचा पासवर्ड चुकीचा आहे. तक्रार हिशेबाच्या प्रोग्रामची आली होती. दुरुस्ती करायची आहे ती एका पासवर्डची. म्हणून बिघाडाच्या वेळेपासची पहिली एरर गाठावी आणि तिथून वर चढत यावे.

यानंतर त्याच मिनिटाच्या आसपासच्या नोंदी 'ॲप्लिकेशन' लॉगमध्ये पाहाव्यात. सर्व्हिस सुरू होऊन लगेच कोसळत असेल, तर तिथे 'ॲप्लिकेशन एरर' या नावाखाली १००० क्रमांकाची नोंद मिळते आणि कोणत्या मॉड्यूलमध्ये (प्रोग्रामच्या कोणत्या सुट्या फाइलमध्ये) ती अडखळली त्याचे नावही मिळते. प्रोग्राम डॉटनेटवर लिहिलेला असेल तर १०२६ ही नोंद शोधावी. एवढ्यावरही उलगडा झाला नाही, तर त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या लॉग फाइलकडे वळावे.

चौथी पायरी : एरर क्रमांकाचा अर्थ लावा

एररच्या चौकटीतला क्रमांक हाच शोधाचा दिशादर्शक असतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट हेल्पएमएसजी' लिहून पुढे क्रमांक दिला की विंडोज त्याचा अर्थ स्वतः सांगते. इंटरनेट नसलेल्या सर्व्हरवर ही आज्ञा फार उपयोगी पडते. २ म्हणजे फाइल सापडली नाही आणि ३ म्हणजे पाथच सापडला नाही; प्रोग्राम अपडेट होताना फोल्डरचे नाव बदलले असेल तर हे दोन क्रमांक दिसतात, आणि सर्व्हिसच्या 'जनरल' टॅबमधील पाथ खऱ्या फोल्डरशी ताडून पाहिला की उलगडा होतो. ५ म्हणजे परवानगी नाकारली. १०५८ म्हणजे सर्व्हिस डिसेबल्ड आहे. १०५३ म्हणजे वेळेत उत्तर आले नाही, १०६७ म्हणजे प्रोसेस अचानक संपली, १०६८ म्हणजे अवलंबनातली सर्व्हिस उभी राहिली नाही आणि १०६९ म्हणजे लॉगिन फसले.

पाचवी पायरी : खाते आणि अधिकार

या भागावर मी मुद्दाम जास्त शब्द खर्च करणार आहे, कारण इथला बिघाड कारण घडल्यापासून कितीतरी दिवसांनी उघड होतो.

सुरुवातीच्या काळात मी ज्या ठिकाणी काम करत होतो, तिथे ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्याचा पासवर्ड नियमानुसार बदलला. सर्व काही पूर्ववत चालत राहिले. जवळजवळ पाच आठवड्यांनी अपडेटसाठी सर्व्हर रीबूट केला आणि बॅकअप, डेटाबेस व आणखी एक सर्व्हिस अशा तिन्ही एकदम आडव्या झाल्या. स्वाभाविकपणे सगळा संशय अपडेटवर गेला. अपडेट काढून टाकण्यात अर्धी रात्र गेली आणि काहीही सुधारले नाही. तिन्ही सर्व्हिसेस त्याच ॲडमिनिस्ट्रेटर खात्याने चालत होत्या आणि त्यांच्याकडे जुना पासवर्ड साठवलेला होता. सर्व्हिस पासवर्ड दाखवते ती फक्त सुरू होताना. एकदा आत शिरली की बाहेर पडेपर्यंत तिला कोणी विचारत नाही. सिस्टम लॉगमध्ये ७०३८ या क्रमांकाच्या तीन नोंदी त्या रात्री सुरुवातीपासून तिथेच होत्या. आम्ही त्या पहाटे वाचल्या.

अशा वेळी सर्व्हिसच्या 'लॉग ऑन' टॅबवर जाऊन नवा पासवर्ड दोन्ही चौकटींत भरावा आणि सर्व्हिस सुरू करावी. त्याच खात्याने आणखी कोणत्या सर्व्हिसेस चालतात हे पाहण्यासाठी मुख्य यादीतील 'लॉग ऑन ॲज' या स्तंभाच्या शीर्षावर क्लिक करावे. यादी खात्यानुसार लागते आणि एकही निसटत नाही.

पासवर्ड बरोबर असूनही १०६९ येत असेल तर 'लॉग ऑन ॲज अ सर्व्हिस' हा अधिकार तपासावा. तो 'लोकल सिक्युरिटी पॉलिसी'मध्ये 'लोकल पॉलिसीज' आणि त्याखाली 'यूझर राइट्स असाइनमेंट' इथे सापडतो. सर्व्हिसेसच्या खिडकीतून खाते भरले, की विंडोज हा अधिकार आपणहून देते. पेच निर्माण होतो तो सर्व्हर डोमेनमध्ये, म्हणजे एकाच ठिकाणाहून सांभाळल्या जाणाऱ्या मशीन व खात्यांच्या गटात, असताना : डोमेनच्या ग्रुप पॉलिसीने (गटातील मशीनना लागू होणाऱ्या नियमांनी) या अधिकाराची स्वतःची यादी ठरवलेली असेल, तर ती लागू होताना आपण स्थानिक पातळीवर दिलेला अधिकार पुसला जातो. सामान्य सदस्य सर्व्हरवर ही पॉलिसी सुमारे दर ९० मिनिटांनी, अधिक जास्तीत जास्त ३० मिनिटांच्या फरकाने, ताजी होते. म्हणून दुपारी दुरुस्त केलेली सर्व्हिस रात्रीच्या रीबूटनंतर पुन्हा तीच तक्रार करू लागली, तर स्थानिक सेटिंगशी झगडत न बसता डोमेन सांभाळणाऱ्याला गाठावे.

कोणते खाते वापरावे, हा प्रश्न इथेच येतो. 'लोकल सिस्टम' हे खाते जवळजवळ सर्वाधिकारी आहे, त्यामुळे त्याने सर्व काही चालते. पण त्या सर्व्हिसमध्ये कोणी शिरकाव केला तर तोही सर्वाधिकारी होतो. 'लोकल सर्व्हिस' आणि 'नेटवर्क सर्व्हिस' ही मर्यादित अधिकारांची तयार खाती आहेत. डोमेनमध्ये असाल तर 'ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट' या प्रकाराचा विचार जरूर करावा. विंडोज सर्व्हर २०१२ पासून तो उपलब्ध आहे, त्याचा पासवर्ड डोमेन स्वतः बदलते आणि वर सांगितलेली रात्र टळते. माणसाचे रोजचे लॉगिन मात्र सर्व्हिसला कधीही देऊ नये.

खात्याशी निगडित आणखी दोन फसवे प्रसंग आहेत. प्रोग्राम हाताने चालवला तर उत्तम चालतो आणि सर्व्हिस म्हणून चालवला की फाइल सापडत नाही म्हणतो, असे झाले तर त्याच्या सेटिंगमध्ये 'झेड ड्राइव्ह'सारखे नेटवर्क ड्राइव्हचे अक्षर आहे का ते पाहावे. ते अक्षर तुमच्या लॉगिनपुरते जोडलेले असते, सर्व्हिसला ते दिसत नाही. तिथे सर्व्हरच्या नावाने सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पाथ द्यावा लागतो. दुसरे असे की, सर्व्हिस आपले कामाचे फोल्डर म्हणून विंडोजमधील 'सिस्टम-३२' धरून सुरू होते. त्यामुळे सेटिंगमध्ये अर्धवट पाथ असेल तर ती भलत्याच ठिकाणी फाइल शोधते.

सहावी पायरी : कोण कोणावर अवलंबून आहे

'डिपेन्डन्सीज' टॅबमध्ये दोन याद्या असतात : वरची, ही सर्व्हिस कोणावर अवलंबून आहे त्यांची, खालची, हिच्यावर कोण अवलंबून आहेत त्यांची. काहीही थांबवण्यापूर्वी खालची यादी वाचावी. डेटाबेस थांबवला की त्यावर अवलंबून असलेल्या सर्व्हिसेसही थांबवल्या जातात, आणि डेटाबेस पुन्हा सुरू केला म्हणून त्या आपोआप उठत नाहीत. 'स्टॉप' आणि 'स्टार्ट' असे दोन वेळा दाबण्याऐवजी 'रीस्टार्ट' दाबले, तर विंडोज अवलंबितांनाही पुन्हा सुरू करते. ज्या बिघाडांची दुरुस्ती करताना नवा बिघाड निर्माण होतो, त्यांतला हा एक नेहमीचा.

याउलट प्रसंगही येतो. एकाच मशीनवर डेटाबेस आणि त्यावर चालणारा प्रोग्राम आहे, पण प्रोग्रामच्या सर्व्हिसमध्ये अवलंबन नोंदवलेलेच नाही. रीबूटनंतर दोन्ही एकदम सुरू होतात, डेटाबेस तयार होण्याआधी प्रोग्राम दार ठोठावतो, उत्तर मिळत नाही म्हणून मरतो, आणि दहा मिनिटांनी तुम्ही हाताने सुरू केला की मुकाट चालतो. सोपा उपाय म्हणजे त्या प्रोग्रामचा स्टार्टअप टाइप 'डिलेड स्टार्ट' करणे. नेटका उपाय म्हणजे 'एससी कॉन्फिग' आणि त्यातील 'डिपेंड' या पर्यायाने अवलंबन नोंदवणे. ही आज्ञा वापरताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. 'डिपेंड'नंतर लगेच बरोबरचे चिन्ह आणि त्यानंतर एक मोकळी जागा सोडावी लागते, नाहीतर आज्ञा बिनसते. आपण दिलेली यादी जुन्या यादीत मिळवली जात नाही, तर तिची जागा घेते. म्हणून आधीची नावेही तिरप्या रेघेने (/) जोडून पुन्हा लिहावीत. आणि विंडोज पॉवरशेल या आज्ञांच्या दुसऱ्या खिडकीत नुसते 'एससी' लिहिले, तर ते फाइलमध्ये मजकूर भरण्याच्या एका वेगळ्याच आज्ञेचे लघुरूप ठरते. तिथे 'एससी डॉट ईएक्सई' असे पूर्ण लिहावे.

सातवी पायरी : अडकलेली आणि कोसळणारी सर्व्हिस

१०५३ आणि ७००९ ही जोडी दिसली तर सर्व्हिसने ३० सेकंदांच्या मुदतीत मुकादमाला उत्तर दिलेले नाही. ही मुदत रजिस्ट्रीतील 'सर्व्हिसेसपाइपटाइमआउट' या नोंदीने मिलिसेकंदांत वाढवता येते आणि त्यानंतर रीबूट करावे लागते. पुष्कळ ठिकाणी हाच पहिला उपाय म्हणून सांगितला जातो. मी तो शेवटचा मानतो, कारण ती मुदत एका सर्व्हिसची नसून सर्वांचीच वाढते आणि मूळ दुखणे बहुधा भरलेली डिस्क, थकलेली मेमरी किंवा हरवलेली एखादी फाइल हे असते. रजिस्ट्रीला हात लावण्याआधी त्या भागाची प्रत 'एक्स्पोर्ट' करून ठेवावी, हे वेगळे सांगायला नको.

सर्व्हिस 'स्टॉपिंग' या अवस्थेत तासभर लटकली आणि सर्व बटणे फिकी पडली, तर 'एससी क्वेरीएक्स' आणि पुढे सर्व्हिसचे खरे नाव लिहावे. उत्तरात पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक मिळतो. टास्क मॅनेजरच्या 'डीटेल्स' टॅबमध्ये तो क्रमांक शोधून 'एंड टास्क' करता येते. मात्र त्या प्रोसेसचे नाव 'एसव्हीसीहोस्ट' असेल तर हात आवरावा. एकाच एसव्हीसीहोस्टच्या छपराखाली अनेक सर्व्हिसेस राहत असू शकतात. 'टास्कलिस्ट'पुढे तिरपी रेघ देऊन 'एसव्हीसी' लिहिले की कोणत्या प्रोसेसमध्ये कोण कोण आहे ते दिसते.

कोसळणाऱ्या सर्व्हिसचे सर्वांत ओळखीचे उदाहरण म्हणजे प्रिंट स्पूलर. तो सुरू होतो, रांगेत अडकलेली एखादी बिघडलेली फाइल छापायला घेतो आणि पुन्हा पडतो. कितीही वेळा सुरू केला तरी तीच फाइल रांगेत पहिली असते. अशा वेळी स्पूलर थांबवावा. विंडोज, सिस्टम-३२, स्पूल आणि त्यातील 'प्रिंटर्स' असे फोल्डर उघडत जावे. परवानगी विचारली तर द्यावी. तिथे 'एसपीएल' आणि 'एसएचडी' अशा शेपटीच्या जोडफायली दिसतात : पहिलीत छापायचा मजकूर, दुसरीत तो कोणाचा व कोणत्या प्रिंटरवर जायचा याची माहिती. या फायली काढून टाकाव्यात, 'प्रिंटर्स' हे फोल्डर मात्र जागेवर ठेवावे, आणि स्पूलर सुरू करावा. रांगेतली सर्वांचीच छपाई यात जाते, म्हणून आधी लोकांना कल्पना द्यावी. एवढ्यानेही तो पडत राहिला, तर १००० क्रमांकाच्या नोंदीत कोणत्या मॉड्यूलचे नाव आहे ते पाहावे. ते बहुधा एखाद्या प्रिंटर ड्रायव्हरचे निघते.

सर्व्हिस कोणत्या फाइलवर अडखळते हे लॉग सांगत नसेल, तर सिसइंटर्नल्सच्या संचातील 'प्रोसेस मॉनिटर' हे मोफत साधन वापरावे. हा संच मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आपल्याकडे घेतला आणि तो तिच्याच संकेतस्थळावर मिळतो. त्यात सर्व्हिसच्या प्रोसेसचे नाव गाळणीत घालून 'ॲक्सेस डिनाइड' हा निकाल शोधला, की ज्या फाइलवर परवानगी नाही ती नावानिशी समोर येते.

आठवी पायरी : 'रनिंग' आहे, पण काम करत नाही

'रनिंग' या शब्दाचा अर्थ एवढाच की, प्रोसेस जिवंत आहे आणि तिने मुकादमाला "आले" असे सांगितले आहे. ती ग्राहकांना उत्तर देते की नाही, हे मुकादमाला ठाऊक नसते. नेटवर्कवर चालणारी सर्व्हिस असेल तर तिचा पोर्ट, म्हणजे जोडणीसाठीच्या तिच्या दाराचा क्रमांक, तपासावा. 'नेटस्टॅट'पुढे वजाचे चिन्ह देऊन 'एएनओ' लिहिले की प्रत्येक पोर्टवर कोणती प्रोसेस कान देऊन बसली आहे तिचा पीआयडी मिळतो. आपल्या पोर्टवर भलत्याच प्रोसेसचा पीआयडी दिसला, तर जागा दुसऱ्यानेच अडवली आहे. लॉगमध्ये १००४८ हा क्रमांक आढळला तर त्याचाही अर्थ हाच.

पत्त्याचा स्तंभही वाचावा. तिथे १२७.०.०.१ असेल तर सर्व्हिस फक्त त्याच मशीनवरून आलेली हाक ऐकते. सर्व्हरवर बसून तपासणाऱ्याला सर्व ठीक वाटते आणि बाहेरच्या एकालाही जोडणी मिळत नाही. ०.०.०.० असेल तर ती मशीनच्या सर्व पत्त्यांवर ऐकत आहे, आणि तरीही बाहेरून जोडणी होत नसेल तर फायरवॉलचा नियम पाहावा.

डोमेनमधील सर्व्हरचे घड्याळ पाच मिनिटांपेक्षा जास्त मागेपुढे झाले, तर कर्बेरॉस ही डोमेनमधील लॉगिन तपासणारी यंत्रणा ओळख पटवून देत नाही आणि पासवर्ड अगदी बरोबर असूनही लॉगिन फसतात. यासाठी 'डब्ल्यू-३२-टीएम'ला 'क्वेरी' आणि 'स्टेटस' हे पर्याय देऊन वेळ कोठून घेतली जाते ते पाहावे. डिस्कवरील मोकळी जागा पाहायला दहा सेकंद लागतात. ती खरे तर सर्वांत आधीच पाहून घ्यावी.

नववी पायरी : रिकव्हरीची सोय, बेताने

सर्व्हिसच्या 'रिकव्हरी' टॅबमध्ये पहिल्या, दुसऱ्या आणि त्यानंतरच्या प्रत्येक बिघाडाला काय करायचे ते ठरवता येते. पहिल्या दोन वेळा 'रीस्टार्ट द सर्व्हिस' आणि त्यानंतर 'टेक नो ॲक्शन' असे ठेवणे मला योग्य वाटते. तिन्ही ठिकाणी रीस्टार्ट ठेवले, तर आजारी सर्व्हिस दिवसभर पडत आणि उठत राहते, कोणाची तक्रार येत नाही आणि एके दिवशी ती अर्धवट लिहिलेला डेटा मागे ठेवून पडते. ही सोय मुळात प्रोसेस अचानक मेली तर लागू होते. सर्व्हिसने स्वतः एरर कळवून रीतसर थांबणे यात धरले जात नाही. तेही धरायचे असेल तर खालच्या 'एनेबल ॲक्शन्स फॉर स्टॉप्स विथ एरर्स' या चौकटीत खूण करावी. रिकव्हरी लावलेल्या सर्व्हिसच्या ७०३१ नोंदी आठवड्यातून एकदा तरी चाळाव्यात.

दहावी पायरी : दुरुस्ती झाली, हे कसे ओळखायचे

सर्व्हिस सुरू झाली म्हणजे दुरुस्ती झाली असे धरू नये. ज्या रीबूटने बिघाड उघडा पाडला, त्याच रीबूटमधून ती तावून सुलाखून निघाली पाहिजे. म्हणून लोकांना सांगून, ठरवून घेतलेल्या वेळी सर्व्हर रीबूट करावा आणि लॉगिन न करता पाच मिनिटे थांबावे. आपण लॉगिन केल्यामुळेच एखादी गोष्ट चालू होत असेल, तर ती या पाच मिनिटांत उघडी पडते. मग दुसऱ्या मशीनवरून, सामान्य वापरकर्त्याच्या खात्याने, ज्या कामाची तक्रार होती तेच काम करून पाहावे : पान छापावे, नोंद साठवावी, फाइल उघडावी. त्यानंतरच सर्व्हरवर लॉगिन करून सिस्टम लॉगमधील बूटनंतरच्या नोंदी वाचाव्यात आणि सर्व्हिसचे नाव, एररचा क्रमांक, सापडलेले कारण, बदललेले सेटिंग व त्याची जुनी किंमत तारखेसह लिहून ठेवावी.